पाठदुखी आणि सांधेदुखीसाठी गादीची निवड : वाराणसीचा संदर्भ

वाराणसी : गंगेकाठच्या ८४ घाटांच्या पायऱ्या, पक्क्या महालातील दगडी घरांचे उभे जिने आणि मदनपुरा, अलईपुरा भागांतील खड्ड्याचे हातमाग या तिन्हींचा भार अखेर गुडघ्यांवर आणि कमरेवर येतो. दिवसभर अंगात मुरलेले हे दुखणे रात्री पाठ टेकली की जाणवू लागते आणि पहाटे उठताना ते अधिकच बोलते. साहजिकच पहिला संशय अंथरुणावर जातो. घरातील वडीलधारे ‘फळीवर झोप’ म्हणतात, दुकानदार ‘ऑर्थो’ असा शिक्का असलेली गादी पुढे करतो आणि शेजारी कोणी मेमरी फोमची शिफारस करतो. या तिन्ही सल्ल्यांत थोडेथोडे तथ्य आहे. मात्र त्यांतील एकही सल्ला सर्वांना लागू पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. संधिवाताच्या झिजेच्या प्रकाराने २०१९ मध्ये ५२ कोटी ८० लाख लोक ग्रस्त होते आणि त्यांत सर्वाधिक त्रास गुडघ्याचा होता. कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये एखाद्या विशिष्ट आजाराकडे वा इजेकडे बोट दाखविता येत नाही. अशा दुखण्यात झोपण्याची जागा, बसण्याची पद्धत, हालचाल आणि स्नायूंची ताकद यांना महत्त्व येते. गादीचा विचार करावयाचा तो या मर्यादेत. गादी हे औषध नव्हे. चुकीची गादी दुखणे वाढवू शकते आणि योग्य गादी रात्र सुसह्य करते, एवढेच तिचे कार्यक्षेत्र आहे.

कडक गादीचा समज आणि वैद्यकीय पुरावा

पाठदुखीला जितकी कडक गादी तितकी चांगली, हा समज अनेक दशके डॉक्टरांमध्येही रूढ होता. त्याची पद्धतशीर तपासणी स्पेनमध्ये झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपल्यावर आणि उठताना कंबर दुखते अशी तक्रार असलेल्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला कडक, तर दुसऱ्याला मध्यम कडक गादी देण्यात आली. कोणती गादी कोणाला मिळाली हे रुग्णांना वा त्यांची तपासणी करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. युरोपीय मोजपट्टीवर, जेथे १ म्हणजे अत्यंत कडक आणि १० म्हणजे अत्यंत मऊ, पहिली गादी २.३ आणि दुसरी ५.६ होती. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवरील रुग्णांची स्थिती झोपेतील वेदना, उठतानाची वेदना आणि दैनंदिन कामातील अडचण या तिन्ही बाबतींत अधिक चांगली आढळली.

डेन्मार्कमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात १६० रुग्णांवर पाण्याची गादी, शरीराचा आकार घेणारा फोम आणि कडक फ्युटॉन अशा तीन प्रकारांची महिनाभर तुलना झाली. पहिले दोन प्रकार किंचित सरस ठरले; मात्र फरक लहान होता. या विषयावरील पुरावा एवढाच नसला तरी फार मोठाही नाही. तो युरोपातील रुग्णांवरचा आहे, पलंगावर घातलेल्या गाद्यांचा आहे आणि मुख्यतः कंबरदुखीपुरता आहे. सांधेदुखीच्या रुग्णांवर गाद्यांच्या अशा चाचण्या त्याहून कमी झाल्या आहेत. त्यामुळे एखाद्या जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ असे शब्द दिसले, तर कोणते संशोधन आणि कोणत्या दुखण्यावर, हे विचारणे रास्त ठरते.

मध्यम कडक गादी उपयोगी का पडते, याचे उत्तर शरीराच्या घडणीत आहे. पाठीचा कणा सरळ काठीसारखा नाही. मानेला आणि कमरेला त्याला आतल्या बाजूस बाक आहे. फळीवर उताणे झोपल्यास ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग टेकतो, कंबर मात्र अधांतरी राहते आणि तिचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. उलट झोळीसारख्या खाटेवर शरीराचा मधला जड भाग खाली जातो आणि कणा धनुष्यासारखा वाकतो. कुशीवर झोपणाऱ्याच्या बाबतीत खांदा आणि खुबा गादीत थोडे रुतले पाहिजेत, तरच कणा एका रेषेत राहतो. ते रुतले नाहीत तर सारा दाब या दोन सांध्यांवर येतो. खांदा वा खुबा दुखणाऱ्या माणसाला अतिकडक गादी सोसत नाही ती यामुळेच.

दुकानात हे तपासण्याची एक साधी रीत आहे. गादीवर उताणे पडून कमरेखालच्या पोकळीत हाताचा पंजा सरकवून पाहावा. पंजा सहज जाऊन वर जागा उरत असेल तर गादी त्या व्यक्तीसाठी फार कडक आहे. तो जाताच येत नसेल तर फार मऊ. हात थोड्या प्रयत्नाने जावा. त्यानंतर नेहमी ज्या कुशीवर झोप लागते त्या कुशीवर निदान दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे आणि सोबतच्या व्यक्तीला मागून कणा पाहण्यास सांगावे. दुकानात लोकांसमोर असे पडून राहण्याचा संकोच अनेकांना वाटतो, विशेषतः वयस्क स्त्रियांना. परंतु गादीच्या काठावर बसून आणि हाताने दाबून तिची पारख होत नाही. शिवाय ५० किलो आणि ९० किलो वजनाच्या व्यक्तींना एकच गादी वेगळी लागते. पती-पत्नींच्या वजनात किंवा दुखण्यात मोठा फरक असेल, तर एक मोठी गादी घेण्यापेक्षा दोन एकेरी गाद्या शेजारी लावणे सोयीचे.

तख्त, बाज आणि कापूस

वाराणसीत आणि एकूणच पूर्वांचलात तख्त, म्हणजे लाकडी फळ्यांचा सपाट चौपाया, अजूनही घरोघरी आढळतो. त्यावर धुनियाने, म्हणजे मराठी मुलखातील पिंजाऱ्याने, कापूस पिंजून भरलेली तीन-चार इंचांची गादी घालण्याची पद्धत आहे. नव्या बाजारपेठेने या रचनेला जुनाट ठरविले असले तरी तिचा पाया चांगला आहे. तख्त झोल पडू देत नाही, ताजा पिंजलेला कापूस पुरेसा दाबला जातो आणि पुन्हा हवा धरतो, उन्हाळ्यात अंगाला घाम कमी येतो. दोष आहे तो देखभालीचा. कापूस दोन-तीन वर्षांत बसतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि नेमक्या कमरेखाली खड्डा पडतो. अशा गादीवर झोपणे म्हणजे जवळजवळ फळीवर झोपणेच होय. गादी उसवून कापूस पुन्हा पिंजून घेणे आणि मधूनमधून कडक ऊन दाखविणे हा त्यावरील उपाय आजही नव्या गादीच्या तुलनेत स्वस्त आहे. मात्र पिंजणारे हात शहरातून कमी होत चालले आहेत, हेही खरे. सावरीचा कापूस उशीत चांगला. गादीत तो लवकर चेपतो.

बाज किंवा नवारीच्या पलंगाची गोष्ट वेगळी. नवार सैल झालेल्या पलंगावर कितीही महाग गादी घातली तरी ती त्या झोळीचाच आकार घेते. कंबरदुखी असलेल्या व्यक्तीने नवी गादी घेण्यापूर्वी आधी पलंग पाहावा. नवार ताणून घेणे किंवा गादीखाली जाड प्लायवूडची फळी घालणे, एवढ्यानेही अनेकदा फरक पडतो. उलट तख्त आणि जुनी बसलेली गादी असेल, तर त्यावर दोन इंचांचा मऊ थर टाकल्यास मध्यम कडक गादीच्या जवळपास परिणाम साधता येतो. पूर्ण गादीचा खर्च करण्यापूर्वी हा प्रयोग महिनाभर करून पाहण्यासारखा आहे.

साहित्य आणि बनारसचे हवामान

बाजारात आज काथ्या, पॉलियुरेथेन फोम, मेमरी फोम, लॅटेक्स आणि स्प्रिंग असे मुख्य प्रकार मिळतात आणि बहुतेक गाद्यांत त्यांतील दोन-तीन थर एकत्र असतात. निवड करताना हवामानाचा विचार सहसा होत नाही. वाराणसीत मात्र तो करावाच लागतो. येथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पावसाळ्यात दमट हवा महिनोन् महिने हटत नाही आणि जानेवारीत धुक्यामुळे दिवसाही गारठा राहतो. घरे तापविण्याची सोय क्वचितच असते.

मेमरी फोमचा जन्म १९६६ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’साठी झालेल्या कामातून झाला. विमानातील आसनांवर बसणारा आघात शोषून घेण्यासाठी चार्ल्स योस्ट यांनी तो विकसित केला. उष्णतेने मऊ होणे आणि थंडीत आक्रसून कडक होणे हा त्याचा गुणधर्म आहे. त्यामुळे जूनच्या रात्री जी गादी शरीराला खोल धरून ठेवते आणि घाम आणते, तीच गादी जानेवारीत पहिली काही मिनिटे कडक पाटासारखी लागू शकते. खांदे आणि खुब्यांवरील दाब कमी करण्यात हा फोम खरोखर सरस आहे. परंतु फार रुतणाऱ्या गादीतून कूस बदलणे आखडलेल्या सांध्यांना कठीण जाते. म्हणून त्याचा वरचा थर एक-दोन इंचांचा असावा आणि खाली आधार देणारा घट्ट फोम असावा, हे येथील हवेला अधिक मानवते.

रबर मिसळून बनविलेली काथ्याची गादी हवा खेळती ठेवते, पाठीला कडक आधार देते आणि तुलनेने परवडते. काही वर्षांनी तिच्यात खळगा पडतो व तो भरून येत नाही, म्हणून ती दर काही महिन्यांनी उलटवावी लागते. नुसत्या काथ्याची गादी कृश, वयस्क व्यक्तींच्या हाडांना टोचते. वर फोमचा थर असलेली घेणे बरे. लॅटेक्सवर तापमानाचा परिणाम कमी होतो आणि तो दाबाला लगेच प्रतिसाद देतो. मात्र तो जड आणि महाग आहे, शिवाय रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. स्प्रिंगच्या गाद्यांत प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र पिशवीत असलेला प्रकार चांगला. एकमेकांना जोडलेल्या स्प्रिंगांच्या गादीत एकाने कूस बदलली की दुसऱ्याला धक्का बसतो.

‘ऑर्थो’ या शब्दाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. तो विक्रीचा शब्द आहे. औषधाला मिळतो तसा परवाना त्यामागे नसतो. या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक गाद्यांत फोमचे तुकडे दाबून जोडलेला, म्हणजे रीबॉन्डेड फोम असतो. तो टिकाऊ असतो, पण एकट्याने फार कडक. घनता आणि कडकपणा यांचीही दुकानांत गल्लत होते. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोमधील वजन. तिच्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो, ती किती कडक आहे हे कळत नाही. एकाच घनतेचा फोम मऊही बनविता येतो आणि कडकही. म्हणून गादीत कोणते थर आहेत, प्रत्येकाची जाडी व घनता किती, हे पावतीवर लिहून घेणे हितावह.

गल्लीतून घरात जाणारी गादी

पक्क्या महालात गादी निवडण्याआधी गल्ली मोजावी लागते. काही गल्ल्यांत दोन माणसे जेमतेम एकमेकांना ओलांडतात, जिने वळणाचे आणि अरुंद असतात. आठ इंच जाडीची, न दुमडणारी स्प्रिंगची दुहेरी गादी तिसऱ्या मजल्यावर नेणे तेथे अशक्यप्राय ठरते. हवा काढून गुंडाळलेल्या स्वरूपात येणारी फोमची गादी हा अडथळा ओलांडते. परंतु एकदा उघडल्यावर ती पुन्हा तशी गुंडाळता येत नाही, म्हणजे परत करायची झाल्यास प्रश्न तोच उरतो. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांची घरेही याच घडणीची आहेत.

घाटांलगतच्या सखल वस्त्यांत पुराचा विचार वेगळा. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पुराच्या पाण्यात भिजलेली गादी वरून कोरडी दिसली तरी आतून बुरशी धरते. कापूस उसवून वाळविता येतो, तरी गढूळ पाण्याचा कापूस टाकून देणेच बरे. जाड फोम आतपर्यंत वाळत नाही.

विणकरांच्या घरांत अडचण आणखी निराळी आहे. ‘बनारस ब्रोकेड आणि साडी’ला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु ती विणणारा कारागीर खड्ड्यात पाय सोडून, पाठीला टेकू नसताना, पुढे वाकून तासन् तास बसतो. कंबर, मान आणि गुडघे यांचे दुखणे या धंद्याशी जोडलेलेच आहे. दिवसा मागाची असलेली खोली अनेक घरांत रात्री झोपण्याची होते; त्यामुळे सकाळी घडी घालून कोपऱ्यात ठेवता येईल अशीच गादी तेथे चालते. जाहिरातींतील जाड गाद्या या घरांसाठी बनलेल्याच नाहीत. अशा ठिकाणी तीन घड्यांची, चार इंच जाडीची घट्ट फोमची गादी किंवा नीट पिंजलेली कापसाची गादी आणि वर जाड गोधडी हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. त्याहून मोठा फरक मागावर बसण्याच्या जागी पाठीला टेकू देणे आणि दर तासाला उठून चालणे यांनी पडेल, हे मान्य करावे लागते. मात्र मजुरी कामाच्या मोबदल्यावर मिळत असताना तासाला उठणे किती जणांना परवडेल, हा प्रश्न गादीच्या दुकानात सुटणारा नाही.

गुडघे, उंची आणि उशा

सांधेदुखीत गादीच्या मऊपणाइतकेच महत्त्व पलंगाच्या उंचीला आहे. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकावेत आणि मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर राहाव्यात. पलंग त्याहून खाली असेल तर उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो. जमिनीवर झोपणाऱ्या गुडघेदुखीच्या रुग्णाला रोज सकाळी हाच त्रास होतो. पलंग फार उंच असेल तर पाय लोंबकळतात आणि रात्री अंधारात उतरताना पडण्याचा धोका वाढतो. जुन्या पलंगावर आठ-दहा इंचांची नवी गादी घातल्यावर नेमके हेच घडते. गादीचा काठही घट्ट असावा, म्हणजे त्यावर हात टेकून उठता येते.

कुशीवर झोपणाऱ्यांनी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी. खुबा आणि कंबर यांचा पीळ त्याने कमी होतो. उताणे झोपणाऱ्यांनी ती गुडघ्यांखाली घ्यावी, परंतु गुडघ्यांचा आजार असल्यास सारी रात्र गुडघे वाकलेले ठेवू नयेत, कारण ते तसेच आखडतात. उठताना सरळ उठून बसण्याऐवजी आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांनी रेटा देत बसते व्हावे. यास काहीही खर्च येत नाही.

गादी बदलून न भागणारे दुखणे

काही वेदना गादीवर ढकलणे धोक्याचे ठरते. विश्रांती घेऊनही न थांबणारी आणि रात्री झोपेतून उठविणारी पाठदुखी, तिच्यासोबत ताप, सायंकाळची कणकण, घटणारे वजन किंवा जुना खोकला असल्यास मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी लागते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे ही शंका येथे दूरची नाही. वेळेवर औषधे सुरू झाल्यास हा आजार बरा होतो, उशीर झाल्यास मणका खचून पायांतील शक्ती जाऊ शकते. चाळिशीच्या आतील व्यक्तीची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. पायात अचानक अशक्तपणा, मांड्यांच्या आतील भागात बधिरता किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही तातडीची लक्षणे होत. वृद्ध स्त्रीला साध्या पडण्यानंतर पाठ दुखू लागल्यास हाड मोडले नाही ना, हे पाहिले पाहिजे.

वाराणसीत काशी हिंदू विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय, कबीरचौऱ्यातील शिवप्रसाद गुप्त विभागीय रुग्णालय आणि पांडेपूर येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय रुग्णालय या सार्वजनिक संस्था आहेत. गादीवर हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी तेथे एकदा तपासणी करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी गादीचे निकष पूर्णतः बदलतात. काशीत अखेरचे दिवस घालविण्यासाठी येणाऱ्या वृद्धांमुळे हा विषय येथील अनेक घरांत आणि आश्रमांत रोजचा आहे. अशा वेळी पाठीच्या आधारापेक्षा त्वचेवरील दाब महत्त्वाचा असतो. आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची हवेची गादी माकडहाड, टाचा आणि खुबे यांवरील जखमा टाळण्यास मदत करते. ती विजेच्या पंपावर चालत असल्याने वीज गेल्यावर ती बसते का, हे घेतानाच विचारावे. ती असली तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देण्याला पर्याय नाही.

खरेदी आणि तक्रार

गादी अंगवळणी पडण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दोन रात्रींवरून निर्णय करू नये. काही कंपन्या शंभर रात्री वापरून पाहण्याची मुभा देतात. परतीचा खर्च कोणाचा, गुंडाळून आलेली गादी कोण उचलून नेणार आणि परत मिळणारी रक्कम पूर्ण की अंशतः, हे आधी वाचावे. हमीपत्रात बहुधा ठरावीक खोलीपेक्षा अधिक खळगा पडला तरच बदल मिळतो. ती खोली किती, हे लिहिलेले असते. चुकीच्या पलंगावर ठेवल्याने हमी रद्द होईल, अशीही अट अनेकदा असते.

सांगितलेले थर आत न निघाल्यास, अथवा पाठदुखी बरी करण्याचे आश्वासन देऊन गादी विकली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क आकारले जात नाही. त्यासाठी पावती, हमीपत्र आणि गादीवरील मूळ चिठ्ठी जपून ठेवावी. खोळ शिवून घेताना ही चिठ्ठीच बहुतेक घरांत प्रथम कापून टाकली जाते.